फांदी न तोडता

अंबरनाथ आणि बदलापूर यांच्या दरम्यान असलेल्या चिखलोली धरणाचा परिसर आषाढात पाहावा. उन्हाळ्यात विरळ झालेली झाडी पानांनी गच्च भरते. अशा झाडीआड ड्रोन गेला की चालकासमोरच्या पडद्यावरील चित्र थबकते. कधी संपर्कच तुटतो. उन्हाळ्यात त्याच अंतरावरून सुखरूप परतणारे यंत्र पावसाळ्यात का अडखळावे?

उत्तर पानांतील पाण्यात आहे. बहुतेक लहान ड्रोन २.४ किंवा ५.८ गिगाहर्ट्झच्या रेडिओलहरींवर चालतात. या लहरींची लांबी अनुक्रमे सुमारे साडेबारा आणि पाच सेंटिमीटर, म्हणजे पाना-डहाळ्यांच्या मापाची. त्यामुळे त्या झाडीत विखुरतात आणि ओलावा त्यांची शक्ती शोषून घेतो. लहर जितकी आखूड, तितकी हानी सहसा अधिक. झाड थेट आड आलेच पाहिजे असेही नाही. लहरींना दृष्टिरेषेभोवती मोकळी जागा लागते. ड्रोन एक किलोमीटर दूर असता, २.४ गिगाहर्ट्झसाठी मध्यावर ही जागा चहूबाजूंनी सुमारे साडेपाच मीटर असावी लागते.

हा केवळ हौशी छायाचित्रकारांचा प्रश्न नव्हे. डिसेंबर २०२१ मध्ये पालघर जिल्ह्यातील जव्हारहून झाप या दुर्गम गावी ड्रोनने कोविड लसीच्या ३०० मात्रा पोहोचवल्या. अशा कामात संपर्क टिकणे रुग्णाच्या प्राणाशी निगडित असते. मग आड येणारी झाडे छाटावीत काय?

तशी गरज बहुधा पडत नाही. चालकाने मोकळ्या, उंच जागी उभे राहावे, अँटेना उंचावावी, नियमांनी घातलेल्या मर्यादेत ड्रोन झाडांच्या शेंड्यांवरून न्यावा. संपर्क तुटल्यास ड्रोन ठरवलेल्या उंचीवर चढून माघारी येतो. ती उंची परिसरातील सर्वांत उंच झाडापेक्षा जास्त आहे ना, हे उड्डाणापूर्वीच तपासावे.

जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ मध्ये कलकत्त्यात भिंतीपलीकडे रेडिओलहरी पाठवून घंटा वाजवून दाखवली. पुढे त्यांनीच वनस्पतींच्या संवेदनांचा अभ्यास केला. जैन परंपरेने तर वनस्पतिकायाला एकेंद्रिय जीव मानले आहे; आचारांगसूत्रात वनस्पतीची तुलना मानवी देहाशी केली आहे. ज्या ओलाव्याने लहर अडते, तोच त्या झाडाच्या जीवनाचा आधार आहे. आपल्या सोयीसाठी त्याच्यावर कोयता चालवण्यापूर्वी चार पावले बाजूला सरून पाहावे. यतना म्हणतात ती याहून वेगळी काय असते?