८,६०० कोटी पेशी आणि १,०२४ इलेक्ट्रोड

माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. सेकंदाला एक अशा वेगाने, न झोपता त्या मोजायला घेतल्या तर २,७०० वर्षे लागतील. गौतम बुद्धाच्या जन्माआधी कुणी मोजायला बसला असता, तर त्याची मोजदाद आत्ता कुठे संपत आली असती! हा सगळा पसारा दीड किलोहूनही कमी वजनाचा, आणि चालतो जेमतेम २० वॅटवर.

आता मेंदूत बसवायच्या चिपचा हिशेब बघा. न्यूरालिंक कंपनीने जानेवारी २०२४ मध्ये पहिल्यांदा माणसाच्या डोक्यात यंत्र बसवले. त्याला केसाहून बारीक ६४ तारा आणि त्यांवर १,०२४ इलेक्ट्रोड. भागाकार केला, तर एका इलेक्ट्रोडच्या वाट्याला सुमारे ८ कोटी ४० लाख पेशी येतात. प्रत्यक्षात त्याला कळते ते फक्त आसपासच्या मोजक्या पेशींचे. त्यातही काही आठवड्यांत बहुतेक तारा मेंदूतून मागे सरकल्या. सॉफ्टवेअर सुधारल्यावर, उरलेल्या थोड्या तारांवरही नोलंड आर्बो हा अपंग तरुण नुसत्या विचाराने कर्सर हलवत राहिला.

म्हणजे कुणी आपले मन वाचेल ही भीती तूर्त फार दूरची. पण एवढ्याशा यंत्रातही सेकंदाला सुमारे २०० मेगाबिट, म्हणजे दिवसाला दोन टेराबाइटहून जास्त कच्ची माहिती तयार होते. ती कुणाच्या मालकीची? चिलीने २०२१ मध्ये मेंदूतल्या माहितीला थेट राज्यघटनेत संरक्षण दिले. दोनच वर्षांनी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एका माजी सिनेटरच्या मेंदूची नोंद पुसून टाकायला एका कंपनीला भाग पाडले. ती नोंद तर नुसत्या डोक्यावर घालायच्या पट्टीने घेतलेली होती.

खरा पेच मात्र छोट्या आकड्यांत आहे. ऑस्ट्रेलियात १५ अपस्मार रुग्णांच्या मेंदूवर झटक्याची आगाऊ सूचना देणारे यंत्र बसवले होते. कंपनीचा पैसा संपला आणि यंत्रे काढून घ्यायची वेळ आली. एका बाईंना ते इतके आपलेसे झाले होते, की नवरा-बायको घर गहाण ठेवून ते विकत घ्यायला निघाले. जमले नाही, शस्त्रक्रिया करून यंत्र काढले गेले. 'आर्गस २' हे ६० इलेक्ट्रोडचे यंत्र डोळ्यांत बसवलेल्या साडेतीनशेहून अधिक अंधांच्या नशिबी उलटेच आले. यंत्र डोळ्यात तसेच राहिले, पण कंपनीने त्याची देखभाल सोडून दिली.

तिशीतला रुग्ण पुढे चाळीस वर्षे जगू शकतो. नवी कंपनी तेवढी टिकेल याचा भरवसा नाही. म्हणून ती बुडाल्यावर डोक्यातले यंत्र कोण सांभाळणार आणि त्याचा पैसा कुठून येणार, हे करारात लेखी नसेल तर अशा यंत्राच्या चाचणीला परवानगीच मिळता कामा नये.