पळसफुले व हिरडा यांची कापडरंगाई

मोखाडे तालुक्यातील सूर्यमाळ व लगतच्या डोंगरपट्ट्यात भात, नागली व वरई ही खरिपाची पिके घरात आली की शेतीचे काम बहुतेक संपते. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे भिवंडी-वसईकडील वीटभट्ट्यांची वाट धरतात. या काळात गावातच थोडी मजुरी मिळवून देणारा एक उद्योग म्हणजे वनस्पतिजन्य रंगांनी कापड रंगविणे. हिरडा, पळस, धायटी, खैर, ऐन ही रंग देणारी झाडे या भागातील रानांत आहेत.

महाराष्ट्रात रंगारी व निळारी यांचा हा पिढीजात धंदा होता. १८६८ साली जर्मनीत मंजिष्ठेतील रंगद्रव्य कृत्रिम रीतीने सिद्ध झाले, १८९७ साली कृत्रिम नीळ बाजारात आली आणि हा धंदा बसला. पुढे काही अ‍ॅझो रंगांपासून कर्करोगकारक द्रव्ये निघतात असे आढळले. भारत सरकारने १९९७ साली अशा अनेक रंगांवर बंदी घातली. तेव्हापासून झाडांच्या रंगांना पुन्हा मागणी येऊ लागली आहे.

सुती कापडावर हे रंग आपणहून टिकत नाहीत. हिरड्यातील तुरट द्रव्य धाग्यास चिकटते, ते तुरटीतील धातूस धरते आणि तो धातू रंगास धरतो. म्हणून क्रम चुकवू नये. एक किलो कापड धुण्याच्या सोड्यात तासभर उकळून स्वच्छ धुवावे. सुमारे २०० ग्रॅम हिरड्याची पूड रात्रभर भिजवून गाळावी, त्या पाण्यात कापड बुडवावे आणि न धुता, पिळून वाळवावे. नंतर १५० ग्रॅम तुरटीच्या पाण्यात काही तास ठेवून पुन्हा वाळवावे. शेवटी एक किलो सुक्या पळसफुलांच्या काढ्यात, खळखळून उकळू न देता, पाऊण तास हलवीत राहावे. पिवळा रंग येतो. मात्र पळसाचा रंग कडक उन्हात विटतो, हे गिऱ्हाइकास आधीच सांगावे. कापड सावलीत वाळविणे बरे.

काळा रंग हवा असल्यास गंजलेले लोखंड व गूळ पाण्यात दोन-तीन आठवडे आंबवून ते पाणी हिरडा दिलेल्या कापडावर वापरावे. लोह अधिक झाल्यास धागा कुजतो.

वनस्पतीचा रंग म्हणजे निरुपद्रवीच, असे मात्र नव्हे. छटा बदलण्यासाठी काही जण मोरचूद किंवा पोटॅशियम डायक्रोमेट वापरतात. ही विषारी द्रव्ये ओहोळात गेल्यास गुरे व मासे यांना अपाय होतो. ती टाळावीत. तसेच खैर व ऐन यांची साल खोडाभोवती सोलल्यास झाड वाळते. फुले व फळे वेचण्यात असा धोका नाही.

पाण्याची अडचण सर्वांत मोठी. पळस फाल्गुनाच्या सुमारास फुलतो आणि नेमके त्याच वेळी मोखाड्यात विहिरी आटू लागतात, गावांना टँकरची वाट पाहावी लागते. तेव्हा रंगाई काढणे शहाणपणाचे नाही. फुले गोळा करून सावलीत सुकवावीत, कोरड्या पोत्यांत भरून पावसाळाभर ओल लागू न देता ठेवावीत आणि कार्तिक-मार्गशीर्षात, ओहोळ वाहते असताना, रंगाई करावी. वीटभट्टीस जाण्याचे दिवसही तेच असतात.