लिहायला शिकवणं कुणाचं काम?

मागच्या चाचणीत भौतिकशास्त्राच्या 'कारणे द्या' या प्रश्नात मला पाचपैकी दोन गुण मिळाले. सरांनी तोच प्रश्न तोंडी विचारला, तेव्हा मी बरोबर सांगितलं. "मग लिहिलं का नाहीस?" सर म्हणाले. मला उत्तर येत होतं, ते मांडायचं कसं हे येत नव्हतं. पण हे शिकवायचं कुणी? इंग्रजीच्या मॅडमनी की भौतिकशास्त्राच्या सरांनी?

हाच प्रश्न अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ब्रॉकटन हायस्कूलपुढे उभा राहिला होता. हजारो विद्यार्थ्यांची ही शाळा. १९९८ मध्ये राज्याने नवी परीक्षा सुरू केली. तिच्यात या शाळेतले ४४ टक्के विद्यार्थी इंग्रजीत आणि ७५ टक्के गणितात नापास झाले. २००३ पासून ही परीक्षा पास झाल्याशिवाय पदवीपत्र मिळणार नव्हतं. म्हणजे शेकडो मुलं रिकाम्या हातांनी घरी जाणार होती.

तेव्हा काही शिक्षक शनिवारी एकत्र जमू लागले. त्यांत इतिहासाच्या एक शिक्षिका होत्या, त्या पुढे मुख्याध्यापिका झाल्या. खूप चर्चेनंतर त्यांनी एक गोष्ट पक्की केली: वाचणं, लिहिणं, बोलणं आणि तर्क करणं ही चार कौशल्यं प्रत्येक विषयाच्या तासाला शिकवायची. गणिताच्याही आणि पी.टी.च्याही.

सगळ्यांना हे लगेच पटलं नाही. 'हे भाषेच्या शिक्षकांचं काम' असं काहींचं म्हणणं होतं. म्हणून नुसता आदेश काढून भागलं नाही. उत्तर लिहिण्याच्या दहा पायऱ्या ठरवल्या: प्रश्न नीट वाचणं, महत्त्वाच्या शब्दांखाली रेघ मारणं, उताऱ्यातून टिपणं काढणं, उत्तराचा आराखडा करणं वगैरे. त्या कशा शिकवायच्या याचं प्रशिक्षण सर्व विषयांच्या शिक्षकांना दिलं. कोणत्या विभागाने कधी शिकवायचं याचं वेळापत्रक केलं. गुण देण्याची पद्धत सगळीकडे एकच ठेवली आणि मुलांनी लिहिलेली उत्तरं प्रमुखांनी स्वतः पाहिली. २००१ च्या परीक्षेत नापासांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. आधी शंका घेणाऱ्यांनाही मग विश्वास वाटू लागला.

हे का जमलं, ते आपल्याला परेड ग्राउंडवर सहज कळतं. 'सावधान' म्हटल्यावर टाचा कशा जुळवायच्या, हे प्रत्येक उस्ताद एकसारखंच शिकवतात. एकाने एक आणि दुसऱ्याने दुसरं सांगितलं, तर स्क्वॉड कधीच एका तालात चालणार नाही. लिहिण्याचंही तसंच आहे. एका तासाला 'मुद्दे लिहा', दुसऱ्या तासाला 'सविस्तर लिहा' आणि तिसऱ्या तासाला काहीच नाही, असं झालं तर कॅडेट गोंधळतो. तीच पायरी दिवसातून चार वेळा वेगवेगळ्या विषयांत केली, तर ती अंगवळणी पडते.

आपल्यातले अनेक जण मातृभाषेतून शिकून इथे आले आहेत. त्यांना विषय समजतो, पण इंग्रजी उत्तरात तो उतरत नाही, आणि मग 'हा कच्चा आहे' असा शिक्का बसतो. त्या दिवशी सरांनी मला फळ्यापाशी बोलावलं आणि म्हणाले, "आधी कारण लिही. मग नियम. मग त्या दोघांना जोडणारं वाक्य." पाच मिनिटं लागली. तीच तीन वाक्यं मी आता जीवशास्त्रात आणि भूगोलातही वापरतो.

कॅडेट, इयत्ता दहावी