स्वारगेटच्या अलीकडचा पाटील

सातारा, सांगली, कोल्हापूर, बारामती, भोर, सासवड. या सगळ्या दिशांचा महाराष्ट्र पुण्यात उतरतो तो स्वारगेटला. पिशव्या सावरत, रिक्षावाल्यांना चुकवत माणसं जेधे चौकात येतात आणि मग शहरात पांगतात. नट निळू फुल्यांचं नाव निघालं की अनेकांच्या मनात चित्र उभं राहतं ते असंच काहीसं: हा माणूस कुठल्यातरी साखरपट्ट्यातल्या गावाहून लाल गाडीत बसला असणार, धोतराचा सोगा हातात धरून इथे उतरला असणार आणि इथून सिनेमात गेला असणार. मूळचे कोल्हापूरकडचे, असं तर लोक छातीठोकपणे सांगतात.

निळूभाऊंना पुण्यात यायला एसटीची गरज नव्हती. स्वारगेटहून शिवाजी रस्त्यानं मंडईच्या दिशेला चालू लागलं की थोड्याच वेळात खडकमाळ आळी लागते. मामलेदार कचेरीची आळी. 1832 साली उमाजी नाईकांना फाशी दिली ती जागा याच कचेरीच्या आवारात आहे. निळकंठ कृष्णाजी फुले हे या आळीतले. 1930 साली जन्म पुण्यात, 13 जुलै 2009 रोजी निधनही पुण्यातच. पडद्यावर ज्यानं उभ्या महाराष्ट्राला पाटील काय चीज असते ते दाखवलं, तो नखशिखांत पेठेतला माणूस होता.

घरी वाडा आणि जमीनजुमला असणार, या समजुतीचीही तीच गत. घर चालायचं लोखंडी सामान आणि भाजी विकून. निळूभाऊंनी स्वतः नोकरी धरली ती वानवडीच्या आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजात, माळी म्हणून. पगार महिना 80 रुपये, आणि त्यातले 10 ते राष्ट्र सेवा दलाला देत. स्वतःची रोपवाटिका काढायची इच्छा होती, भांडवल जमलं नाही. बागाईतदाराच्या भूमिका ज्यानं पुढे पोत्यानं केल्या, त्याच्या हाताखाली खरोखरची जमीन आली ती सरकारी हिरवळीची आणि ताटव्यांची.

तमाशातून आले?

हा गैरसमज जरा सभ्य आहे, कारण तो कौतुकानं बोलला जातो. ‘अस्सल तमाशातला कलावंत’ असं म्हटलं की कलावंताला मातीचा वास येतो. पण निळूभाऊ तमाशाच्या फडात वाढले नाहीत. ते वाढले सेवा दलाच्या कलापथकात, आणि या दोन गोष्टी दिसायला जवळच्या असल्या तरी एक नव्हेत.

फड हा धंदा. तंबू ठोकायचा, तिकीट लावायचं, गण, गवळण, बतावणी, रंगबाजी आणि रात्र चढली की वग. फडावर कित्येक घरांचं पोट. सेवा दल ही 1941 साली सुरू झालेली समाजवादी विचारांची संघटना. तिच्या कलापथकात शाखेतली मुलंमुली असत, दिवसा नोकरी किंवा शिक्षण, संध्याकाळी तालीम. त्यांनी तमाशाकडून घेतला तो वगाचा सांगाडा, सोंगाड्याची जीभ आणि ढोलकी. त्यात भरलं ते जातिभेद, हुंडा, बुवाबाजी, निवडणूक. दादा कोंडके, राम नगरकर ही मंडळीही याच मुशीतली. राम नगरकर तर निळूभाऊंचे जिवाभावाचे सोबती.

त्यात निळूभाऊ नुसते नटही नव्हते. 1957 च्या निवडणुकीत, संयुक्त महाराष्ट्राचं वातावरण पेटलेलं असताना, त्यांनी प्रचारासाठी ‘येरा गबाळ्याचे काम नोहे’ नावाचा वग स्वतः लिहिला. पुढे पु. ल. देशपांड्यांच्या ‘पुढारी पाहिजे’मध्ये त्यांनी रोंगेची भूमिका केली. मग ‘कथा अकलेच्या कांद्याची’ हे लोकनाट्य आलं, गावोगाव गाजलं, आणि तिथून अनंत माने यांच्या ‘एक गाव बारा भानगडी’ (1968) या चित्रपटात ते झेलेअण्णा झाले. म्हणजे पडद्यावर आले तेव्हा वय अडतीसच्या घरात. पंचविशीतला होतकरू पोरगा नव्हे, दहाबारा वर्षं लोकांसमोर थेट उभा राहिलेला, कुठल्या वाक्याला कुठल्या तालुक्यात हशा पडतो हे जाणणारा गडी.

माझ्या मते त्यांच्या पाटलाचं मूळ इथे आहे. गावात राहणाऱ्याला आपला पाटील रोज दिसतो, म्हणून तो नीट दिसत नाही. कलापथकाची गाडी घेऊन आज या गावात, उद्या त्या गावात जाणाऱ्याला शंभर पाटील दिसतात. खुर्चीवर कसा बसतो, कार्यक्रम सुरू असताना कुणाकडे पाहून हसतो, वर्गणी देताना कुणाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलतो. पेठेतल्या माणसानं ते बाहेरून पाहिलं, आणि जे पाहिलं त्यावर विचारानं त्याचा राग होता. राग असलेला माणूस बारकावे टिपतो.

‘तो होताच तसा’

बायका त्यांना पाहून बोटं मोडत, शिव्या घालत. ही गोष्ट खरी आहे आणि निळूभाऊ ती पावती म्हणून स्वीकारत. गैरसमज तिच्या पुढचा: एवढं हुबेहूब करतो म्हणजे अंगात मुळातच असणार.

‘सामना’ पुन्हा लावून पाहा. दिग्दर्शक जब्बार पटेल, लेखन विजय तेंडुलकरांचं, निर्माते रामदास फुटाणे. 1975 साली तो बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धा विभागात होता. निळूभाऊ त्यात हिंदुराव धोंडे पाटील, साखर कारखान्याचे सर्वेसर्वा. समोर डॉ. श्रीराम लागू, दारूत बुडालेला एक जुना गांधीवादी मास्तर. आता या हिंदुरावाचं वागणं बघा. तो मास्तराला घरी ठेवून घेतो. खाऊपिऊ घालतो. अदबीनं बोलतो. त्याला या फाटक्या माणसाचं खरोखरच कुतूहल वाटतं. ‘मारुती कांबळेचं काय झालं?’ हा प्रश्न मास्तरानं धरून ठेवल्यावरही हिंदुरावाचा आवाज चढत नाही. तो आवाज घशातच कुठेतरी खरडत येतो, शब्द सुटायच्या आधी क्षणभर थांबतो, डोळे अर्धे मिटलेले असतात आणि नजर समोरच्याच्या चेहऱ्यावरून सावकाश खाली उतरते. भीती वाटते ती त्या थांबण्याची. ज्याला घाई नाही, ज्याचं ऐकावंच लागतं, त्याला ओरडायचं कारण काय? सत्तेचं हे व्याकरण निळूभाऊंना पुरतं कळलेलं होतं. हे अंगात असून होत नाही. ते रचावं लागतं, आणि समोर लागूंसारखा नट असताना रोज नव्यानं तोलून धरावं लागतं.

पडद्याबाहेरचे लागू आणि निळूभाऊ हे एकाच वाटेचे. दोघं नरेंद्र दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामाशी जोडलेले. पूर्णवेळ कार्यकर्त्यांना मानधन मिळावं म्हणून सामाजिक कृतज्ञता निधी उभारायचं ठरलं, तेव्हा नामवंत नटांनी मिळून अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग लावले, त्यातही दोघं होते. पडद्यावरचा साखरसम्राट कार्यकर्त्यांच्या चुलीसाठी तिकीटबारीवर नाव लावत होता.

फक्त खलनायक?

इथे मी जरा थांबणार आहे, कारण सगळ्यात मोठं नुकसान या गैरसमजानं केलंय.

निळूभाऊंचं ज्या भूमिकेनं नाटकात नाव झालं तो पाटील नव्हताच. 1972 सालचं तेंडुलकरांचं ‘सखाराम बाइंडर’, दिग्दर्शन कमलाकर सारंग, लालन सारंग चंपाच्या भूमिकेत. सखाराम हा छापखान्यातला बाइंडर, जन्मानं ब्राह्मण, ते सगळं झुगारून दिलेला, टाकलेल्या बायकांना घरी आणून आपल्या अटींवर ठेवणारा. उद्धट, रांगडा, पण खोटेपणाशी तडजोड न करणारा. याला खलनायक म्हणून निकालात काढता येत नाही, इथेच नाटकाचा त्रास आहे. त्यावरून जे वादळ उठलं त्याबद्दलही एक चुकीची आठवण फिरते, की नाटक अश्लील म्हणून बंद पडलं ते पडलंच. रंगभूमी परिनिरीक्षण मंडळानं आडकाठी केली हे खरं, पण सारंग मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि निकाल त्यांच्या बाजूनं लागला. नाटक पुन्हा सुरू झालं. हा सगळा लढा सारंगांनी ‘बाइंडरचे दिवस’ या पुस्तकात लिहून ठेवला आहे.

मग जयवंत दळवींचं ‘सूर्यास्त’. यात निळूभाऊ अप्पाजी, स्वातंत्र्यलढ्यातला गांधीवादी म्हातारा, आणि मुलगा राज्याचा मुख्यमंत्री. सत्तेनं पोखरलेल्या मुलासमोर उभा राहणारा बाप. ‘सामना’त जे लागूंच्या वाट्याला आलं होतं, त्याच्या जवळचं काहीतरी इथे निळूभाऊंच्या वाट्याला आलं. ज्यांनी हे दोन्ही पाहिलं त्यांना ‘त्यांना एकच साचा जमायचा’ हे वाक्य उच्चारता येणार नाही.

‘सिंहासन’ (1979) मध्ये तर सगळे सत्ताधारी दुसरेच नट आहेत. अरुण सरनाईक मुख्यमंत्री, लागू अर्थमंत्री. निळूभाऊ आहेत दिगू टिपणीस, पत्रकार. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांवरचा हा चित्रपट दिगूच्या डोळ्यांतून उलगडतो. तो मंत्रालयाच्या जिन्यांवर, बंगल्यांच्या व्हरांड्यात असतो, सगळ्यांना ओळखतो, सगळं कळतं आणि काहीच करू शकत नाही. अख्ख्या चित्रपटात त्याला वरचढ होण्याचा एकही प्रसंग नाही. बहुतेक वेळ तो ऐकत असतो. खलनायकीच्या सगळ्या हत्यारांशिवाय, निव्वळ ऐकण्याच्या जोरावर, निळूभाऊ तो चित्रपट पेलतात, आणि शेवटी खुळ्यासारखा हसत सुटलेला दिगू आपल्यालाही घेरतो. ‘जैत रे जैत’मधला भगत, नाग्याचा बाप, हा आणखीच वेगळा. ठाकरवाडीतला तो म्हातारा पाहताना हिंदुराव डोळ्यांपुढे येत नाही.

अर्थात, ठरावीक पाटील, सरपंच, सावकार त्यांनी ढिगानं केले, हेही सांगायला हवं. मराठी चित्रपट तेव्हा ग्रामीण तमाशापटांवर जगत होता, निर्मात्यांना खात्रीचं नाणं हवं होतं. त्यातले कित्येक चित्रपट आज बघवत नाहीत. दोष नटाचा थोडा, पटकथांचा जास्त.

आणि ते वाक्य

‘बाई, वाड्यावर या.’ निळू फुले म्हटलं की पुढच्या क्षणी कुणीतरी मान वाकडी करून, आवाज घोगरा करून हे म्हणतंच. म्हणणाऱ्याला विचारा, कुठल्या चित्रपटातलं? कोणती बाई, कुणाचा वाडा, आधी काय घडलं होतं? उत्तर सहसा येत नाही. कारण हे वाक्य लोकांनी ऐकलंय ते गॅदरिंगमध्ये, ऑर्केस्ट्रातल्या नकलाकाराकडून, मग टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमांत, आता मोबाइलवर. वर ज्या भूमिका सांगितल्या, हिंदुराव, सखाराम, अप्पाजी, दिगू, भगत, त्यांतली एकही या वाक्यावर उभी नाही. गंमत म्हणजे नकलेत आवाज सापडतो, थांबणं सापडत नाही. नकलाकार घाईत असतो, त्याला टाळी हवी असते.

हिंदीत त्यांना कुणी विचारलं नाही, ही आणखी एक समजूत चटकन निकालात काढता येईल. ‘कुली’ (1983), ‘मशाल’ (1984) आणि महेश भटांचा ‘सारांश’ (1984) ही नावं पुरेत. ‘सारांश’मध्ये अनुपम खेरच्या म्हाताऱ्या मास्तराला छळणारा गजानन चित्रे हा पुढारी निळूभाऊंचा. शिवाजी पार्कच्या परिसरातला शहरी पुढारी, आणि तरी त्याच्या सौजन्यानं घाम फुटतो.

नव्यानं पाहणार असाल तर एक सुचवतो. ‘सामना’पासून सुरुवात करू नका. आधी ‘सिंहासन’ पाहा, मग ‘जैत रे जैत’, त्यानंतर ‘सारांश’. हिंदुराव सर्वांत शेवटी. तोवर वाड्यावरचा तो आवाज कानातून बराचसा गेलेला असेल, आणि हिंदुराव पहिल्यांदा तोंड उघडेल तेव्हा तो तुम्हाला नकलेतला वाटणार नाही.