ओळखतात, पण ओ देतीलच असं नाही

कळपातल्या एकाने हाक मारायची आणि दुसऱ्याने ‘थांब, आलोच’ म्हणून ओ द्यायची, हे चित्र माहितीपटांनी आपल्या डोक्यात पक्कं बसवलंय. बोत्स्वानातल्या ओकावांगोचे बबून मात्र त्यात बसत नाहीत. तिथे दरवर्षी पूर येतो, झाडीची बेटं तेवढी वर उरतात आणि बबूनची टोळी पाणी तुडवत एका बेटावरून दुसऱ्यावर जाते. बिचकलेली पिल्लं अलीकडच्या काठावरच राहतात आणि भुंकल्यासारखा आवाज काढत बसतात. डोरोथी चेनी आणि रॉबर्ट सेफार्थ हे अमेरिकी दांपत्य १९९०च्या दशकात तिथे याच हाकांचा अभ्यास करत होतं.

पिल्लांच्या हाका ध्वनिमुद्रित करून लपवलेल्या स्पीकरवरून वाजवल्या, तेव्हा आयांनी आपल्या पिल्लाचा आवाज बरोबर ओळखला. मान वळवून त्या तिकडे बघत राहत. ओ मात्र फारशा देत नसत. ज्या देत, त्या बहुधा स्वतःच टोळीपासून मागे पडलेल्या असत. म्हणजे ते उत्तर नव्हेच, आईने आपल्यापुरती घातलेली साद होती. दोन हाका लागोपाठ आल्या, की प्रश्नोत्तर मानून आपण मोकळे होतो. यावरून बबूनच्या आईला निष्ठुर ठरवणं हाही तितकाच मोठा गैरसमज. पिल्लू हरवलंय हे तिला कळत असेल. आपण कुठे आहोत हे पिल्लाला ठाऊक नाही, एवढं तिच्या लक्षात येत नसावं, असं या दोघांचं म्हणणं.

हत्तींबद्दल वेगळीच दंतकथा आहे. माणसाला ऐकू न येणाऱ्या खर्जात ते दहा-दहा किलोमीटरवरच्या सोबत्याला ओळखतात, असं सर्रास सांगितलं जातं. आवाज पोचणं आणि आवाज कुणाचा हे कळणं यांत फरक आहे. कॅरन मॅककोंब आणि सहकाऱ्यांनी केनियातल्या अंबोसेलीत हत्तिणींना ध्वनिमुद्रित गुरगुर ऐकवून पाहिली. ओळख पटायची ती साधारण एक ते दीड किलोमीटरपर्यंत, फार तर अडीच. गंमत म्हणजे ओळखीसाठी तो गाजलेला अतिखर्ज फारसा महत्त्वाचा नव्हता. अंतरावर टिकून राहायचा तो ११५ हर्ट्झच्या आसपासचा भाग, आणि तो आपल्याही कानाच्या टप्प्यात येतो.

ही ओळख घरच्या मंडळींपुरतीच असते, हेही खरं नाही. एक हत्तीण सुमारे शंभर प्रौढ हत्तिणींचे आवाज ओळखत असावी, असा याच गटाचा २००० सालचा अंदाज आहे. एका मेलेल्या हत्तिणीची हाक तिच्या कुटुंबाला २३ महिन्यांनी ऐकवली, तरी त्यांनी प्रतिसाद दिला.

२०२४ मध्ये ‘हत्ती एकमेकांना नावाने हाक मारतात’ अशा बातम्या झळकल्या. त्यात तथ्य आहे, मथळ्यांइतकं नाही. या बातम्यांमागच्या अभ्यासात गुरगुर कुणाला उद्देशून आहे, हे संगणकाला २७.५ टक्के वेळा ओळखता आलं. नुसत्या अंदाजाने ते जेमतेम आठ टक्के जमलं असतं. एका हत्तीला सगळे एकच नाव वापरतात का, याचा निवाडा त्यातून झालेला नाही. पण त्याच अभ्यासात १७ हत्तींना मुद्रित हाका ऐकवल्या, तेव्हा मुळात आपल्यासाठी घातलेली हाक ऐकून ते इतर हाकांपेक्षा लवकर स्पीकरकडे निघाले आणि लवकर ओ देऊ लागले.