जीएमआरटीचा जुना डेटा घेताना आधी काय बघायचं?

एमएस्सीच्या प्रोजेक्टला किंवा पीएचडीच्या पहिल्या वर्षी गाइड हमखास म्हणतात, "अर्काइव्हमधून डेटा घे आणि सुरुवात कर." नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटीचा जुना डेटा खरंच ऑनलाइन मिळतो. निरीक्षण करणाऱ्या गटाचा राखीव काळ संपला की तो सगळ्यांना खुला होतो. पण आपण नेमकं काय डाउनलोड करतोय?

चित्र तर नाहीच. जीएमआरटीच्या 30 अँटेनांच्या जोड्या होतात 435. प्रत्येक जोडीची, प्रत्येक चॅनेलसाठी, दर काही सेकंदांनी एक संमिश्र संख्या नोंदली जाते. तिला व्हिजिबिलिटी म्हणतात. हिशोब करून बघा: 2048 चॅनेल, 2 ध्रुवीकरणं, एका संख्येला 8 बाइट, म्हणजे एका नोंदीचे सुमारे 14 एमबी. दर 8 सेकंदांनी नोंद धरली तर तासाला साधारण 6.4 जीबी. रात्रभराच्या निरीक्षणात लॅपटॉपची डिस्क भरलीच समजा.

आणि या संख्या नुसत्या मिळाल्या तर काही कामाच्या नाहीत. कुठली जोडी, कुठली वेळ, कुठली वारंवारता, अँटेना आकाशात कुठे रोखलेल्या होत्या, हे संख्येला चिकटलेलं असावं लागतं. डेटा सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचं खरं काम हेच आहे. साठवणं त्या मानाने सोपं.

त्यासाठीच 1981 मध्ये फिट्स हा फॉरमॅट प्रसिद्ध झाला. त्यात आधी हेडर येतो, साध्या अक्षरांत, 80 अक्षरांच्या ओळींत. अशा 36 ओळींचा 2880 बाइटचा एक ठोकळा. (हा आकडा विचित्र वाटतो, पण तेव्हाच्या वेगवेगळ्या संगणकांच्या वर्ड-लांबीने त्याला नि:शेष भाग जायचा.) फॉरमॅटमध्ये कितीही भर पडली तरी जुनी फाइल बाद होता कामा नये, हा नियम आजही पाळला जातो.

याचा फायदा किती मोठा असू शकतो ते बघा. जीएमआरटीने 2010 ते 2012 दरम्यान 150 मेगाहर्ट्झला केलेल्या आकाश-सर्वेक्षणाचा डेटा दुसऱ्या संशोधकांनी नव्या पद्धतीने पुन्हा प्रोसेस केला आणि 2017 मध्ये सुमारे 6.2 लाख रेडिओ स्रोतांची यादी प्रसिद्ध केली. दुर्बीण पुन्हा न वळवता!

आता तुमच्या फाइलकडे येऊ. जीएमआरटीचा मूळ डेटा एलटीए नावाच्या स्वतःच्या फॉरमॅटमध्ये असतो. लिस्टस्कॅन हा प्रोग्रॅम त्यातल्या स्कॅनची यादी काढतो आणि जीव्हीफिट्स त्याची फिट्स फाइल बनवतो. बरेच जण ही यादी न वाचताच पुढचा कमांड मारतात. माझ्या मते अख्ख्या प्रक्रियेतली सगळ्यात महत्त्वाची दहा मिनिटं तिथेच आहेत. 3सी48, 3सी147 किंवा 3सी286 यांपैकी एखादा फ्लक्स कॅलिब्रेटर दिसतोय का? नसेल तर तुमच्या स्रोताची तेजस्विता खऱ्या एककांत मांडणं फार अवघड होईल. फेज कॅलिब्रेटर ठरावीक अंतराने परत परत येतोय का? स्रोतावर प्रत्यक्ष किती वेळ मिळाला? मग निरीक्षणाची नोंदवही उघडा आणि किती अँटेना बंद होत्या ते मोजा. 30 पैकी 26 चालू असतील तर जोड्या उरतात 325, म्हणजे चौथा हिस्सा आधीच गेलेला.

हे बघून झालं की मगच जीव्हीफिट्स चालवा. आणि हो, त्या लॉग फाइलमध्ये आउटपुटचं नाव आधीपासून टेस्ट.फिट्स असं असतं. ते बदलून तारीख आणि स्रोताचं नाव टाका. सहा महिन्यांनी फोल्डरमध्ये चार टेस्ट.फिट्स सापडल्या तर कुठली कशाची, हे हेडर उघडूनच शोधत बसावं लागेल.