उद्याची चिंता आणि पंडिता रमाबाई
जशा दुष्काळाने पंडिता रमाबाईंचे आईवडील हिरावून नेले, तसाच विक्राळ दुष्काळ १८९६ साली मध्य प्रांतात पडला, तेव्हा त्यांच्या शारदा सदन या संस्थेला अमेरिकेतून मिळणाऱ्या साहाय्याची दहा वर्षांची मुदत सरत आली असतानाही त्या तिकडे गेल्या आणि शेकडो निराधार मुली-स्त्रियांना घेऊन आल्या. पुढची तजवीज त्यांनी प्रार्थनापूर्वक परमेश्वरावर सोपविली. परंतु ही प्रार्थना निष्क्रिय नव्हती, हे मला फार मोलाचे वाटते, कारण या मुली-स्त्रियांना आसरा देणाऱ्या त्यांच्या केडगावच्या मुक्ती सदनात शेती, विणकाम, छापखाना असे उद्योग तिच्याच बळावर उभे राहिले. ख्रिस्ती श्रद्धा संकटांचे अस्तित्व नाकारीत नाही. उद्याचा भार पित्यावर टाकून आजच्या कर्तव्यासाठी ती मन मोकळे करते. १९२१ साली एकुलती कन्या मनोरमा निवर्तली, तरी रमाबाईंचे बायबलच्या मराठी भाषांतराचे काम थांबले नाही.